आमचा 'पोकळ डबा'

आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दोन वाद्ये उभी असतात. एक दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मिरजेचा तंबोरा आणि दुसरी विजेची गिटार. घरी येणारी मंडळी तंबोऱ्याकडे आदराने पाहतात आणि गिटारीकडे वळून "ही नातवाची वाटतं?" असे हमखास विचारतात. पंचाहत्तरी ओलांडलेला, धोतर जाऊन पायजम्यावर आलेला मी गृहस्थ जेव्हा "नाही, माझीच, आणि १९६८ सालापासून माझी," असे सांगतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास आणि कीव यांचे एक चमत्कारिक मिश्रण उमटते. त्या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९६८ साली मी बडोद्यात एका बँकेत कनिष्ठ कारकून होतो. एके दिवशी प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीतले एक अँग्लो-इंडियन गार्ड आपले खाते बंद करावयास आले. सारे कुटुंब ऑस्ट्रेलियास कायमचे निघाले होते. सही करता करता त्यांनी सहज सांगितले की पलंग, कपाट, शिवणाचे यंत्र सगळे विकले गेले, एक गिटार मात्र राहिली आहे. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या कार्यक्रमात ती मी दुरून पाहिली होती. संध्याकाळी सायकलवरून मी त्यांच्या बंगलीवर गेलो. रिकाम्या खोलीत एका ट्रंकेवर ती ठेवलेली होती. कडेला काळपट तपकिरी आणि मध्ये मधासारखी पिवळी होत गेलेली तिची कांती, फुगीर पोट, आणि व्हायोलिनला असतात तशी दोन्ही अंगांना नागमोडी छिद्रे. गार्डसाहेबांनी तिला विजेशिवायच छेडले. खोलीत सामान नव्हते, म्हणून असेल, पण तो आवाज माझ्या अजून कानांत आहे. ते म्हणाले, समोर शंभर माणसे असली तरच हिला वीज लागते, खोलीतल्या चौघांसाठी हिला काही लागत नाही.

दोनशे साठ रुपयांना सौदा ठरला. माझा पगार त्याहून कमी होता. निम्मे तेव्हा दिले आणि उरलेले त्यांची गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी.

पुढे पुष्कळ वर्षांनी या वाद्याचे कुळ मला कळले. छिद्रातून आत डोकावले की कारखान्याच्या नावाचा चिकटवलेला कागद दिसतो: हॉफ्नर. कार्ल हॉफ्नर नावाच्या कारागिराने १८८७ साली बोहेमियातल्या शोनबाख या गावी हा व्यवसाय सुरू केला. ते गाव पिढ्यान्‌पिढ्या वाद्ये घडवणाऱ्या जर्मनभाषक कुटुंबांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मनभाषकांना घरेदारे सोडून निघावे लागले. त्यांतल्या अनेकांना बव्हेरियातल्या बूबेनरॉइत नावाच्या लहानशा खेड्याने आसरा दिला. हॉफ्नरचा कारखानाही तेथेच पुन्हा उभा राहिला. तेथे बनलेल्या गिटारी इंग्लंडात मोठमोठी नावे देऊन विकल्या जात: 'कमिटी', 'प्रेसिडेंट', 'सिनेटर' आणि 'काँग्रेस'. त्यांत 'काँग्रेस' सर्वांत स्वस्त, तिच्या वर एक पायरी 'सिनेटर'. माझी ती 'सिनेटर'. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हाम्बुर्गला घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची बास गिटारही याच कारखान्याची. तीही स्वस्त आणि तीही पोकळच.

आपले पूर्वज गायकवाडांच्या स्वारीबरोबर गुजरातेत आले आणि येथलेच झाले. एकदा गाव सुटले की काय बरोबर येते आणि काय मागे राहते, याच्या कथा आपल्या प्रत्येक घरात आहेत. गाव सुटलेल्या कारागिरांनी घडवलेले आणि गाव सोडून निघालेल्या गार्डाने विकलेले हे वाद्य आपल्यासारख्याच्या घरी यावे, यात मला तरी विपरीत असे काही वाटत नाही.

दादांना मात्र ते पहिल्या दिवसापासून विपरीत वाटले.

दादा दिवसा महसूल कचेरीत आणि सायंकाळी गाण्यात. सुरसागराच्या काठच्या आपल्या संगीत महाविद्यालयात ते शिकले होते. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी ज्या शाळेचा पाया घातला, तिचा त्यांना फार अभिमान. उस्ताद फैयाजखाँसाहेबांना समोर बसून ऐकलेले हे कान. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात माडीवर एक गाण्याची खोली होती. तेथे चपला तर सोडाच, मोठ्याने बोलणेही चालत नसे.

गिटार घरी आणली त्याच रात्री मी एक पराक्रम केला. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके असत. गिटारीची तार मी तेथे जोडली. आज आठवले की अंगावर काटा येतो, कारण त्या काळच्या काही रेडिओंचा लोखंडी सांगाडाच घरातल्या विजेशी जोडलेला असे, आणि माझा हात गिटारीच्या पोलादी तारांवर होता. देवाची कृपा म्हणून हा लेख लिहिण्यास मी उरलो. मी आवाज वाढवला, तार छेडली, आणि रेडिओतून असा काही हंबरडा फुटला की खालच्या बिऱ्हाडातले लोक कंदील घेऊन वर आले. तार दाबली तरी थांबेना, उलट वाढतच गेला.

त्याचे कारण मला नंतर समजले. गिटारीच्या तारांखाली लोहचुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो प्रवाह मोठा करून ध्वनिक्षेपकातून ऐकवला जातो. पण गिटार पोकळ असेल तर क्षेपकाचा आवाज तिच्या पातळ लाकडाला हलवतो, लाकूड तारांना हलवते, तारांची ती हालचाल पुन्हा क्षेपकात जाते, आणि हे चक्र वाढत वाढत शेवटी कर्कश गर्जना होते. खरे तर पोकळ गिटारीला वीज जोडली गेली ती नाचाच्या बँडमधल्या पितळी वाद्यांपुढे बिचारीचा आवाज पोहोचेना म्हणून. अमेरिकेतल्या गिब्सन कारखान्याने १९३६ साली अशी एक गिटार बाजारात आणली आणि चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने १९३९ पासून बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात तिला मानाचे स्थान मिळवून दिले. पुढे १९५० च्या सुमारास भरीव लाकडाच्या गिटारी निघाल्या. त्या सहसा हंबरत नाहीत, पण वीज काढून घेतली की जवळजवळ मुक्या होतात.

हे सगळे शास्त्र त्या रात्री दादांना सांगण्याची सोय नव्हती. ते जिन्यात उभे होते. शांतपणे म्हणाले, "अरे, हा पोकळ डबा आहे. आत काही नाही, म्हणून एवढा ओरडतो. गाण्याच्या खोलीत हा यायचा नाही."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "तुमच्या तंबोऱ्याचा भोपळा तरी कुठं भरीव आहे?"

दादांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. पण नियम ठरला तो ठरला. गिटार माजघरात, ओसरीत, गच्चीवर कोठेही चालेल, गाण्याच्या खोलीत नाही. एकोणीस वर्षे तो नियम आम्ही दोघांनीही पाळला.

दादांचा आक्षेप केवळ आवाजाचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारीचे पडदे लाकडात ठोकून बसवलेले. "स्वर म्हणजे काय खिळा आहे, ठोकून बसवायला?" असे ते विचारत. याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण ते खरेच होते. एकदा मी एका मित्राकडून 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची तबकडी आणून त्यांना ऐकवली. तीत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे. काब्रांची गिटारही माझ्यासारखीच पोकळ, फक्त गिब्सन कारखान्याची आणि फार मोलाची. ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांडा तारांवरून सरकवीत ते वाजवीत, त्यामुळे पडद्यांचा प्रश्नच उरत नसे. दादांनी दोन्ही बाजू डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाले, "अली अकबरांकडे शिकलेला माणूस आहे. तो पाटावर तार ताणून वाजवील तरी मी ऐकेन. तुझं काय?"

माझे काय, हे मला ठाऊक होते. मी मांडीवर ठेवून राग वाजवणारा नव्हतो. गाणाऱ्याच्या मागे स्वरसंघात धरणारा, ठेका राखणारा मी साधा साथीदार. १९७० ते १९८५ पर्यंत गणेशोत्सवाचे मांडव, लग्नाचे स्वागतसमारंभ आणि महाराष्ट्र मंडळींची संमेलने यांत मी भावगीतांना आणि चित्रपटगीतांना साथ केली. एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मला ध्वनिवर्धक जुळवून दिला. गिटार हंबरू नये म्हणून आईने आपल्या जुन्या पातळाचे तुकडे शिवून दिले, ते मी दोन्ही छिद्रांत कोंबीत असे. तारा बडोद्यात मिळत नसत. मुंबईला कोणी जाणारे भेटले की धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानातून आणवाव्या लागत. मध्येच बारीक तार तुटली तर सतारीची बाजाची तार टोकाला पितळी मणी अडकवून लावायची. एकदा हौसेने सर्व तारा एकदम काढल्या, तर खालची घोडी घरंगळून जमिनीवर पडली. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागी राहते, हे ज्ञान तेव्हा झाले. मग बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि त्याच ठिकाणी तारेला बोट हलकेच लावून काढलेला स्वर तंतोतंत जुळेपर्यंत घोडी रेसभर इकडे, रेसभर तिकडे सरकवण्यात दोन रविवार गेले. महाग वाद्य असते तर एखाद्या जाणकाराकडे पाठवले असते. स्वस्त होते, म्हणून मी त्याच्याशी झगडलो आणि ते मला कळत गेले.

दादा माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. रागावून नव्हे, त्यांना ते आपले क्षेत्र वाटत नसे. मीही कधी आग्रह केला नाही. बापलेकांत असे एखादे दार असते, ते कोणी लावलेले नसते आणि कोणी उघडीतही नाही.

१९८३ साली वाडा पाडण्याचे ठरले आणि आम्ही मांजलपुरातल्या सदनिकेत राहावयास गेलो. सामान हलवताना टेंपोत तंबोऱ्यावर कपाट कलंडले आणि भोपळ्याला तडा गेला. तंबोरा रजईत गुंडाळून मी बसवला होता, त्यामुळे दोष माझाच. दादा काही बोलले नाहीत. मी म्हटले, "दादा, मिरजेला पाठवून देतो. महिन्याभरात होईल." त्यानंतर बढती आली, मुलीचे आजारपण आले, घराचे हप्ते आले. दर दिवाळीला मी "या वर्षी नक्की" म्हणत होतो. चार वर्षे तंबोरा खोळ घालून पलंगामागे उभा राहिला. दादा पेटीवर स्वर धरून गात, पण त्यांचे गाणे कमी कमी होत गेले. त्यांचे वयच झाले आहे, अशी मी माझी समजूत घातली.

१९८७ च्या डिसेंबरात दादांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयातून घरी आणले तेव्हा डॉक्टरांनी सांगून टाकले होते की आता जपायचे, एवढेच हातात आहे. रात्री मी त्यांच्या खोलीत निजत असे. एका रात्री बारा वाजून गेल्यावर त्यांनी हाक मारली. झोप येत नव्हती. म्हणाले, "तंबोरा लावतोस?"

मी उठून उभा राहिलो आणि तसाच उभा राहिलो. सांगायचे काय? त्यांना आठवण नव्हती असे नाही. माझ्याकडे पाहून त्यांनाच ते आठवले असावे, कारण ते लगेच म्हणाले, "असू दे, असू दे." ते 'असू दे' मला अजून सोसत नाही.

तंबोऱ्याचे विजेवर चालणारे यंत्र तेव्हा निघाले होते, पण आमच्या घरी ते नव्हते. पेटीचा आवाज त्या वेळी त्यांना सहन होत नसे. मी बाहेर गेलो आणि गिटार घेऊन आलो. पलंगाशेजारी खुर्ची ओढली. छिद्रांतले आईच्या पातळाचे तुकडे ओढून काढले. आई जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. एक तुकडा आतच निसटला आणि तो आजही आत आहे. दादांचा स्वर काळी एक. सर्वांत जाड तार तीन अर्धस्वर उतरवली, तो षड्ज झाला. तिच्या शेजारची अर्धा स्वर उतरवली, तो पंचम. तिसरीही अर्धा स्वर उतरवली, तो वरचा षड्ज. आणि अंगठ्याने हळूहळू त्या तीनच तारा छेडू लागलो. वीज नाही, काही नाही. तो आवाज खोलीच्या चार भिंतींपलीकडे गेला नसेल. शेजारच्या खोलीत मुले निजली होती, ती जागी झाली नाहीत.

दादांनी बराच वेळ ऐकले. मग म्हणाले, "पंचम किंचित उतरलाय. चढव."

मी खुंटी केसभर फिरवली.

"आता ठीक." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मोकळ्या तारांना पडदे लागत नाहीत, नाही का?"

मी "नाही" म्हटले. मग त्यांनी मंद्रातला कोमल धैवत घेतला. आवाज नव्हताच, श्वासच होता. पण ते आंदोलन दरबारीचेच होते. पाच-सात मिनिटांत ते थकले आणि झोपी गेले. मी पहाटेपर्यंत छेडीत राहिलो, थांबवले तर त्यांना जाग येईल या भीतीने.

असे अकरा रात्री चालले. गाण्याच्या खोलीचा नियम त्या घरात लागू नव्हता, कारण तेथे गाण्याची खोलीच नव्हती, असे कोणी म्हणेल. मला मात्र वाटते की दादा जेथे पडले होते तीच गाण्याची खोली होती, आणि डब्याला त्यांनीच आत बोलावले. जानेवारीत ते गेले.

उन्हाळ्यात रजा काढून तंबोरा मी स्वतः मिरजेला नेला. तेथल्या कारागिराने भोपळा सांधला, नवी घोडी बसवली, जवारी काढली. त्याने सांगितले की काम आठ दिवसांचे होते. चार वर्षे मी जे पुढे ढकलले, ते आठ दिवसांचे होते. तंबोरा वेळेवर गेला असता तर दादांना त्यांच्या हक्काचा सूर मिळाला असता, ही रुखरुख माझ्याबरोबरच जाईल. आणि तसे झाले असते तर त्या अकरा रात्री मला मिळाल्या नसत्या, हेही खरे. या दोन्ही गोष्टींचा हिशेब बँकेतल्या माणसालाही जुळवता आलेला नाही.

गेल्या वर्षी मुंबईचे एक हौशी संग्राहक गिटार पाहून गेले. सगळे भाग मूळचे आहेत, म्हणाले, आणि जो आकडा त्यांनी सांगितला तो ऐकून सौ. ने त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला. नातू पुण्याहून सुटीत येतो तेव्हा तिला आपल्या नव्या ध्वनिवर्धकाला जोडतो, ती हंबरते, आणि तो पोट धरून हसतो. ती उचलली की आतला कापडाचा तुकडा सरकतो, तेव्हा "आजोबा, आत काहीतरी आहे," असे तो दर वेळी सांगतो.

माझी बोटे आता आखडली आहेत. डाव्या हाताने स्वरसंघात धरवत नाहीत, भावगीतांची साथ संपली. रात्री नऊनंतर घर निजले की मी तिला मांडीवर घेतो, खालच्या तीन तारा काळी एकला उतरवतो आणि अंगठ्याने छेडीत बसतो. त्यांना पडदे लागत नाहीत.